नाही म्हणणारी वही : हर्णैच्या बर्फ कारखान्यात एस्क्यूलाइटचे तीन हंगाम

आमच्या खात्यात 'एकवीरा' नावाच्या चार होड्या आहेत. एक पाजपंढरीची, दोन हर्णैच्याच आणि चौथी पलीकडच्या खाडीतून हंगामापुरती येणारी. पहाटे तीन-साडेतीनला खलाशी पोरगा खिडकीशी येतो, "एकवीरा, वीस लाद्या" एवढंच बोलतो आणि टेम्पोकडे वळतो. त्या वीस लाद्या भलत्याच एकवीरावर चढल्या, की आठ-दहा दिवसांनी हिशोबाला नाखवा, म्हणजे होडीचा मालक, माझ्यासमोर उभा राहतो. आवाज चढलेला असतो आणि बाजू त्याचीच बरोबर असते.

बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात मी सतरा वर्षं हिशोब सांभाळते. शिक्षण बी.कॉम., तेही दापोलीत. संगणक मी कुठे शिकले नाही, कामातून आला. तरीही २०२२ पासून आमचं सगळं उधारीखातं मी स्वतः बांधलेल्या टेबलांमध्ये चालतं, एस्क्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती ओळी-रकान्यांच्या टेबलांत सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये. हा त्याचा अभिप्राय आहे. किनाऱ्यावर बर्फ, डिझेल, जाळी किंवा किराणा उधारीवर देणाऱ्या कुणाच्याही कामी यावा म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वह्या होत्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ऑफिसवरचे पत्रे उडाले आणि कपाटासकट वह्या भिजल्या. वीज कितीतरी दिवस नव्हती. आम्ही दोऱ्या बांधून पानं वाळवली, पण शाईच्या पेनाने लिहिलेले आकडे पसरून गेले होते. कुणाचे किती येणं आहे हे त्या वर्षी नाखवांनीच आम्हाला सांगितलं, आणि बहुतेकांनी खरं सांगितलं. हे मी कधी विसरणार नाही. त्यानंतर शेठनी संगणक घेतला आणि दोन वर्षं मी साध्या स्प्रेडशीटमध्ये हिशोब ठेवला. त्यात कुठल्याही चौकोनात काहीही मावतं. लाद्यांच्या रकान्यात रात्रपाळीच्या मुलाने 'वीस' असं अक्षरात लिहिलं, कुणी 'वीस, पैसे उद्या' असं लिहिलं, आणि बेरीज त्या ओळी गुपचूप वगळून पुढे जात राहिली.

भाचा पुण्यात नोकरी करतो, त्याचं सगळं काम पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसवर चालतं. २०२२ च्या मे महिन्यात आंब्याला आला होता. माझी शीट बघून म्हणाला, "आत्या, तुझी वही तुला काहीच विचारत नाही. काहीही लिही, ती घेते. तुला नाही म्हणणारी वही पाहिजे." त्याने एस्क्यूलाइट आणि ते डोळ्यांसमोर दाखवणारं डीबी ब्राउझर असं दोन्ही बसवून दिलं. दोन्ही फुकट. एस्क्यूलाइटवर तर कुणाचा स्वामित्वहक्कही नाही, तो सार्वजनिक मालकीचा करून टाकला आहे. रिचर्ड हिप या अमेरिकन माणसाने तो २००० साली लिहिला. त्या वेळी ते तिथल्या नौदलाच्या युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर करत होते आणि वेगळा सर्व्हर, वेगळा सांभाळणारा माणूस यांच्याशिवाय चालेल असा डेटाबेस त्यांना हवा होता. बोटीवरच्या कामातून जन्मलेली वस्तू बंदरावर कामाला आली, याचं मला फार अप्रूप वाटतं. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. पेनड्राइव्हवर घातली की घरी नेता येते.

पहिलं टेबल होडीचं. क्रिएट टेबल ही आज्ञा, पुढे टेबलाचं नाव, मग कंसात एकेक रकाना आणि त्याचा प्रकार. नावं देवनागरीत ठेवता येतात हे कळलं तेव्हा खरंच हायसं वाटलं. आज्ञेचे शब्द इंग्रजीत लिहावे लागतात, पण टेबलाला मी सरळ 'होडी' म्हणते, रकान्यांना 'नाव', 'नोंदणी', 'तांडेल' (होडी चालवणारा). अवतरणचिन्हांचीही गरज पडत नाही. सहा महिन्यांनी ती फाइल उघडली तरी काय लिहिलंय ते शेठनाही वाचता येतं.

भाच्याने विचारलं, "एक होडी दुसरीपासून ओळखायची कशी?" मी म्हटलं, नाळेवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, तो प्रत्येकीचा वेगळा. झाली प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख. इतकी वर्षं आम्ही नावावर हिशोब ठेवत होतो आणि क्रमांक डोळ्यांसमोर समुद्रात डोलत होता. आता एकच क्रमांक दुसऱ्यांदा टाकायला गेलं तर डेटाबेस ती ओळ घेतच नाही.

इथेच एस्क्यूलाइटची पहिली खोड सांगते, कारण ती मला पहिल्या महिन्यात नडली. प्रायमरी की म्हटलं की ती रिकामी असू शकत नाही, असं कुणालाही वाटेल. बाकीच्या डेटाबेसांत तसंच आहे. एस्क्यूलाइटमध्ये मात्र पूर्णांक सोडून दुसऱ्या प्रकारच्या प्रायमरी कीमध्ये नल, म्हणजे रिकामी जागा, चालते. सुरुवातीच्या काळात राहिलेली ही चूक आहे, आणि जुन्या फाइली मोडू नयेत म्हणून ती तशीच ठेवली आहे, असं त्यांच्याच माहितीपत्रात लिहिलंय. 'नंबर मागून टाकतो' म्हणत रात्रपाळीने क्रमांक नसलेल्या तीन होड्या घातल्या होत्या, आणि युनिक (एकच किंमत दोनदा न चालण्याची अट) किंवा प्रायमरी की अनेक रिकाम्या जागांना एकसारखं धरत नाही, म्हणून तिन्ही आत गेल्या. उपाय दोन शब्दांचा आहे: प्रायमरी कीच्या जोडीला नॉट नल लिहायचं. तेव्हापासून मी प्रत्येक रकान्यापुढे थांबून स्वतःला विचारते, हे रिकामं चालेल का? तांडेलाचा फोन रिकामा चालतो. दिनांक नाही चालत.

आता अंकांबद्दल. हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं, कारण कुठल्याही इंग्रजी धड्यात ते मला सापडलं नाही.

पहिल्या महिन्यात नोंदी थेट डीबी ब्राउझरच्या चौकोनांत टाकत होतो. लाद्यांचा रकाना मी इंटिजर, म्हणजे पूर्णांक, असा जाहीर केला होता आणि चेक, म्हणजे तपासणीची अट, लावला होता की लाद्या शून्यापेक्षा जास्त हव्यात. मला वाटलं, आता अक्षरं आत येणार नाहीत. महिनाअखेर बेरीज केली तर कारखान्यातून गेलेल्या लाद्या आणि उधारीखात्यातल्या लाद्या यांच्यात मोठी तफावत. दोन रात्री जागून सापडलं ते असं: रात्रपाळीचा मुलगा होडीचं नाव मराठी कीबोर्डवर लिहायचा आणि कीबोर्ड न बदलताच आकडा टाकायचा. पडद्यावर '२०' दिसत होतं आणि ते बरोबरच होतं. पण एस्क्यूलाइटला फक्त इंग्रजी अंक आकडे म्हणून कळतात. देवनागरी '२०' त्याने मजकूर म्हणून साठवलं, कारण त्याच्याकडे रकान्याचा प्रकार हा मुळात आग्रह नसून कल आहे. जमलं तर आकड्यात बदलतो, नाही जमलं तर आहे तसं ठेवतो. मग चेकने कसं सोडलं? एस्क्यूलाइटच्या क्रमवारीत कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. म्हणजे 'शून्यापेक्षा जास्त' ही अट पूर्ण झाली, ओळ आत गेली, आणि बेरजेच्या वेळी त्या मजकुराची किंमत शून्य धरली गेली.

त्या मुलाला मी बोलले नाही. त्याने आपल्या भाषेत आकडा लिहिला होता, अट लिहिण्यात माझी कसर राहिली होती. आता अट अशी आहे की साठवलेल्या वस्तूचा प्रकार खरोखर पूर्णांक आहे का ते टाइपऑफ या फंक्शनने तपासायचं आणि मग शून्याशी तुलना करायची. याहून चांगला मार्ग म्हणजे टेबल स्ट्रिक्ट जाहीर करणं. ही सोय नोव्हेंबर २०२१ च्या ३.३७ या आवृत्तीत आली. टेबलाच्या शेवटी तो एक शब्द लिहिला की रकान्याचा प्रकार हा कल उरत नाही, नियम होतो, आणि देवनागरी अंक दारातच अडतात. पण आधीच्या आवृत्तीवर चालणारं साधन अशी फाइल उघडतच नाही, रचना बिघडली आहे असा घाबरवणारा संदेश देतं. माझ्या डीबी ब्राउझरच्या आत जुनीच आवृत्ती होती, म्हणून बरेच दिवस मी टाइपऑफच्या अटीवर काढले. सगळीकडे नव्या आवृत्त्या बसवून २०२५ च्या पावसाळ्यात टेबलं स्ट्रिक्ट केली. आज कुणी नव्याने सुरू करत असेल तर पहिल्या दिवसापासून स्ट्रिक्टच ठेवा.

तारखेचा घोळ याच जातीचा. एस्क्यूलाइटमध्ये तारीख हा वेगळा प्रकार नाही. वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने मजकूर म्हणून ठेवायची, मग क्रमवारी आपोआप बरोबर लागते. रोज तारीख टाकण्याचा ताप नको म्हणून मी डिफॉल्टला, म्हणजे काही न लिहिल्यास आपोआप भरल्या जाणाऱ्या किमतीला, करंट डेट (आजची तारीख) दिली. आठवडाभराने एक नाखवा म्हणाला, "ताई, सोमवारी आम्ही निघालोच नव्हतो, वारा होता. बर्फ मंगळवारी पहाटे नेला." त्याचं बरोबर होतं. एस्क्यूलाइटची करंट डेट ग्रीनिचच्या वेळेने चालते आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत पडलेली प्रत्येक नोंद आदल्या दिवसावर. दुकान दहाला उघडणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही, पण आमचा निम्मा धंदा उजाडायच्या आत होतो. डिफॉल्टमध्ये कंस करून डेट फंक्शनला 'आत्ता' आणि 'स्थानिक वेळ' असं दोन्ही सांगावं लागतं. तेव्हापासून सोमवार सोमवारीच पडतो.

तारीख खरी आहे का, हे तपासणारा चेक लिहितानाही मी एकदा फसले. दिनांक हा डेट फंक्शनने काढलेल्या दिनांकाशी समान हवा, अशी अट लिहिली. कुणी तिरप्या रेघा देऊन तारीख लिहिली की ते फंक्शन नल देतं, नलशी तुलना केली की उत्तरही नल, आणि चेक ही अट नल आली तर ओळ सोडून देते. ती फक्त स्पष्ट खोटं आलं तरच अडवते. समानच्या चिन्हाऐवजी इज लिहिलं की उत्तर खरं किंवा खोटं असंच येतं. आता ३१ फेब्रुवारीसुद्धा आत शिरत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते फॉरेन कीने, आणि त्यात एस्क्यूलाइटपेक्षा आमच्या धंद्याचाच प्रश्न मोठा होता.

नोंद या टेबलात प्रत्येक उचल असते: कुठली होडी, किती बर्फ, त्या दिवशीचा दर, दिनांक. होडीचा क्रमांक होडी टेबलात असलाच पाहिजे, अशी फॉरेन की लावली. म्हणजे नसलेल्या होडीला बर्फ देता येत नाही आणि नोंदी असलेली होडी पुसता येत नाही. भाच्याने दाखवलेल्या नमुन्यात ऑन डिलीट कॅस्केड होतं, होडी पुसली की तिच्या सगळ्या नोंदी पुसायच्या. ते मी लगेच काढून रिस्ट्रिक्ट, म्हणजे पुसायलाच मनाई, केलं. होडी मोडीत निघाली तरी तिने नेलेल्या बर्फाचे पैसे कुणीतरी देणं लागतोच.

मग २०२३ च्या जानेवारीत एक होडी विकली गेली. मी होडी टेबलात अपडेट करून मालक बदलला. महिनाअखेरचा हिशोब छापला आणि जुन्या नाखव्याची सगळी उधारी नव्याच्या कागदावर आली. तो कागद हातात घेऊन आला. भांडला नाही, शांतपणे म्हणाला, "ताई, मी होडी घेतली. कर्ज नाही घेतलं."

शेठचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या वडिलांच्या काळापासून खातं होडीच्या नावाने चालत आलं होतं. "बर्फ होडीत गेला, होडी देईल." मी म्हटलं, शेठ, होडी कधी पैसे देत नाही, माणूस देतो. दोन दिवस आमचं यावर बोलणं चाललं. होडी दोन भावांच्या सामाईक मालकीची असली तर? नाखवा वारला आणि मुलाने पुढे चालवली तर? एका नाखव्याच्या तीन होड्या असतील आणि त्याने एकत्र दोन पैसे भरले तर ते कुठल्या होडीवर? कागदाच्या वहीत यातलं काही विचारावं लागलं नव्हतं, कारण डोक्यात सगळं असायचं आणि डोकं चुकलं तर वाद व्हायचा. टेबल लिहिताना उत्तर द्यावंच लागतं. शेवटी शेठनीच निकाल दिला: देणं खात्याचं, उचल होडीची.

त्याप्रमाणे 'खातं' हे नवं टेबल केलं. सामाईक मालकीच्या भावांचं खातं एकच. 'मालकी' हे आणखी एक टेबल: होडी, खातं, कधीपासून, कधीपर्यंत. चालू मालकाचा 'कधीपर्यंत' रिकामा. एका होडीला एका वेळी एकच चालू मालक हवा, हा नियम साध्या युनिकने सांगता येत नाही, कारण जुने मालक अनेक असू शकतात. त्यासाठी अर्धवट युनिक इंडेक्स करता येतो. 'कधीपर्यंत' रिकामा आहे एवढ्याच ओळींमध्ये होडी पुन्हा येता कामा नये, असं वेअर ही अट लावून सांगायचं. ही सोय मला इतकी आवडली की मी शेठना बोलावून दाखवली. एकाच होडीला दुसरा चालू मालक लावायचा प्रयत्न केला, त्याने नकार दिला, आणि शेठ म्हणाले, "हे बाबांना हवं होतं."

आणि नोंदीत दरही ठेवला, खातंही ठेवलं. भाचा म्हणाला, खातं मालकीवरून शोधता येतं, दुसऱ्यांदा कशाला? पण मला त्या पहाटे ज्याच्या नावे बर्फ दिला त्याचं नाव त्या ओळीतच हवं होतं. यात मी त्याचं ऐकलं नाही आणि अजून तरी पस्तावले नाही.

आता फॉरेन कीबद्दल एस्क्यूलाइटवर माझी खरी तक्रार. ती लिहिली म्हणजे लागू झाली असं नाही. प्राग्मा नावाची एक कळ आहे, ती प्रत्येक वेळी फाइल उघडताना चालू करावी लागते, आणि ती सहसा मुळात बंद असते. जुन्या प्रोग्रामांची मोडतोड होऊ नये हे कारण मला कळतं. पण परिणाम असा झाला की डीबी ब्राउझर ती कळ आपणहून चालू करत होता, आणि भाच्याने गणपतीत नोंदीसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिलेला छोटा फॉर्म करत नव्हता. एकच फाइल, दोन दारं, एका दारावर पहारेकरी आणि दुसरं सताड उघडं. फॉर्ममधून एक क्रमांक चुकला आणि नसलेल्या होडीच्या नावावर अकरा नोंदी पडल्या. फॉरेन की चेक नावाची दुसरी प्राग्मा अशा निराधार ओळी शोधून देते, तिने त्या अकराही दाखवल्या. आता फॉर्मची पहिली ओळ ती कळ चालू करणारी आहे आणि दर शनिवारी मी ती तपासणी चालवते.

टेबल बदलण्याबाबत एस्क्यूलाइट कंजूष आहे. ऑल्टर टेबलने टेबलाचं नाव बदलता येतं, नवा रकाना जोडता येतो, रकान्याचं नाव बदलता येतं, आणि २०२१ पासून रकाना काढताही येतो. पण असलेल्या रकान्याचा प्रकार बदलणं, चालू टेबलाला फॉरेन की जोडणं, असली कामं मी वापरलेल्या आवृत्त्यांत एका आज्ञेत होत नाहीत. नवा रकाना जोडतानाही नॉट नल म्हटलं तर डिफॉल्ट द्यावाच लागतो, आणि तो डिफॉल्ट चालू वेळेचा असून चालत नाही. हे पटतं, जुन्या हजारो ओळींत काय भरायचं हे त्याला कळायला हवं. पोस्टग्रेसमध्ये हीच कामं एका ओळीत होतात, असं भाचा दर खेपेला ऐकवतो.

आम्हाला हे लागलं अर्ध्या लादीपायी. लहान होड्या, खाडीत जाळं टाकणारे, अर्धी लादी मागतात. मी पूर्णांकाची अट घातलेली. रात्रपाळीने अर्धा टाकला, डेटाबेसने नकार दिला, मग त्याने एक लादी लिहून दर निम्मा केला. पैसे बरोबर, पण लाद्यांची मोजणी चुकली. दशांशात ठेवायचं का, यावर विचार केला आणि ठरवलं, मापच बदलू. रकाना 'अर्ध्या', म्हणजे अख्खी लादी दोन, अर्धी एक. सगळं पूर्णांकात.

दरवर्षी १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात, कारखाना थंडावतो. जाळी दुरुस्तीचा तो काळ, माझ्या टेबलांच्या दुरुस्तीचाही तोच. २०२३ च्या जूनमध्ये मी टेबलं नव्याने बांधायचं हे काम एकटीने करायला घेतलं आणि क्रम चुकवला. आधी जुन्या टेबलाला 'होडी_जुनी' असं नाव दिलं, मग नवं 'होडी' बनवलं, ओळी त्यात ओतल्या आणि जुनं टाकून दिलं. दिसायला सगळं छान. पण नाव बदलताना एस्क्यूलाइटने इमानदारीने नोंद आणि मालकी या टेबलांतल्या फॉरेन कीसुद्धा 'होडी_जुनी'कडे वळवल्या होत्या, आणि ते टेबल आता नव्हतंच. नवी नोंद टाकली की 'होडी_जुनी सापडत नाही'. आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून वाचले.

बरोबर क्रम असा. फॉरेन कीची कळ आधी बंद करायची, आणि ती व्यवहार (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) सुरू करण्यापूर्वी, कारण व्यवहाराच्या आत ती दाबूनही काही होत नाही. मग बिगिन, म्हणजे व्यवहार सुरू. नवं टेबल वेगळ्या नावाने बनवायचं. जुन्यातल्या ओळी इन्सर्ट आणि सिलेक्टने त्यात ओतायच्या. आमच्या नोंद टेबलाच्या वेळी इथेच लाद्यांना दोनने गुणलं. मग जुनं टेबल ड्रॉप, नव्याला जुन्याचं नाव, इंडेक्स पुन्हा तयार, फॉरेन की चेक, सगळं स्वच्छ असेल तर कमिट, म्हणजे बदल पक्के, आणि शेवटी कळ पुन्हा चालू. कुठेही शंका आली तर रोलबॅक, म्हणजे सगळे बदल रद्द, आणि टेबलं बनवणं, पाडणंसुद्धा मागे जातं. ही ताकद सगळ्या डेटाबेसांत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टेबल बदलायची आज्ञा दिली की तोवरचा व्यवहार आपोआप पक्का होतो. डीबी ब्राउझरच्या खिडकीतून टेबल बदललं तर हीच पुनर्बांधणी तो पडद्यामागे करतो, पण माझा आग्रह आहे की एकदा तरी हाताने करून बघा. दोनने गुणायचं काम खिडकी करणार नाही.

पावतीक्रमांकाबद्दल एक छोटी गोष्ट. साधी पूर्णांक प्रायमरी की ठेवली तर सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक मिळतो. शेवटची पावती पुसली तर तोच क्रमांक दुसऱ्याला जातो आणि एकाच क्रमांकाचे दोन कागद बंदरात फिरतात. ऑटोइन्क्रिमेंट लिहिलं की वापरलेला क्रमांक परत येत नाही. आम्ही तर आता पुसतच नाही, 'रद्द' असा रकाना आहे.

विजेचं सांगते. आमच्याकडे पावसात आणि वादळी वाऱ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी खाऱ्या हवेत लवकर जाते. तीन हंगामांत नोंद चालू असताना संगणक बंद पडल्याचे प्रसंग दहाच्या वर झाले असतील. एकदाही फाइल बिघडली नाही. अर्धी राहिलेली नोंद पुढच्या वेळी उघडताना आपोआप मागे जाते. यासाठीच मी हा डेटाबेस सोडणार नाही. तरीही रोज दुपारी पेनड्राइव्हवर प्रत घेते, आणि ती नुसती फाइल कॉपी करून घेत नाही, व्हॅक्यूम इंटू या आज्ञेने घेते, म्हणजे मधेच कुणी नोंद टाकत असलं तरी प्रत धड येते. दोन पेनड्राइव्ह आहेत, एक कारखान्यात, एक माझ्या घरी वरच्या माळ्यावर. निसर्गनंतर एका छपराखाली सगळं ठेवायची माझी हिंमत नाही.

एक त्रास अजून आहे. डीबी ब्राउझरमध्ये काही बदल करून 'राइट चेंजेस' न दाबता मी चहाला गेले, की फॉर्म 'डेटाबेस लॉक आहे' म्हणून अडतो. एका वेळी एकच लिहिणारा, हा त्याचा स्वभाव. एका टेबलाशी एक माणूस बसतो तिथे ठीक. शेठना आता किनाऱ्यावर लिलावाच्या जागेजवळ दुसरा संगणक ठेवायचा आहे, तिथून वसुली टाकायला. नेटवर्कवर ठेवलेली एकच फाइल दोघांनी उघडायची, हे एस्क्यूलाइटसोबत करू नये, असं त्यांच्याच संकेतस्थळावर बजावलं आहे. ती वेळ आली तर पोस्टग्रेसकडे जाऊ. टेबलं काय, कुठली की कुठे, कुठला रकाना रिकामा चालतो, हे सगळं तेव्हा ठरलेलंच असेल. आज्ञांची फाइल थोड्या फरकाने तिथेही चालेल.

देवनागरी क्रमवारीबद्दल विचारणारे भेटतात म्हणून लिहिते. यादी अक्षरांच्या संगणकी क्रमांकाने लागते, त्यामुळे 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, 'क्ष' हा 'क'मध्ये जातो. मला चालतं. पण दिसायला एकसारखं नाव दोन प्रकारे टाइप झालेलं असू शकतं आणि डेटाबेसला ती दोन वेगळी नावं वाटतात. नावावर जोडणी न करण्याचं हे आणखी एक कारण.

या ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा पाजपंढरीच्या एकवीरावरचा नवीन खलाशी पहिल्यांदाच बर्फाला आला. पंधरा दिवसांपूर्वी लागलेला पोरगा. मी खिडकीतून विचारायच्या आत त्याने नंबर म्हणून दाखवला, शाळेत पाढा म्हणतात तसा, आणि मग म्हणाला, "तांडेलमामांनी सांगितलंय, ताई नाव घेत नाही." मी नंबर टाकला, नाव पडद्यावर आलं, ते त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. सव्वीस अर्ध्या.

आमच्या क्रिएट टेबलच्या आज्ञांची फाइल कुणाला बघायची असेल तर कारखान्यात या. सकाळी अकरानंतर, तोवर सगळ्या होड्या बाहेर गेलेल्या असतात.